मोटारीतील ब्लोअर पंख्याचा बिघाड : लक्षणाकडून कारणाकडे

प्रस्तावना :

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडला जाणारा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चा भाग आहे. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाल्यापासून या रस्त्यावर महाविद्यालयीन अध्यापकांची ये-जा चालू असते. परीक्षेची कामे, उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन, निरनिराळ्या बैठका यांपैकी बरीच कामे नेमकी एप्रिल-मे महिन्यांत येतात. त्या दिवसांत नांदेडचे कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा प्रवासात डॅशबोर्डमागील एक छोटा पंखा बंद पडला, तर कॉम्प्रेसर, गॅस, कूलिंग कॉइल हे सर्व निर्दोष असूनही गाडीत थंड हवेची झुळूक येत नाही. पावसाळ्यात हाच पंखा बंद असला तर समोरच्या काचेवर बाष्प जमते आणि रस्ता दिसेनासा होतो. उन्हाळ्यातला प्रकार त्रासाचा असतो, पावसाळ्यातला सरळ जिवावरचा.

मोटारीच्या पाश्चात्त्य पुस्तकांत या पंख्याचा उल्लेख बहुधा हीटरचा पंखा असा येतो, कारण थंड देशांत त्याचे पहिले काम उबदार हवा देणे हे होते. मराठवाड्यात त्यालाच सर्रास ब्लोअर म्हणतात व तो एसीचा भाग समजला जातो. वस्तुतः पंखा एकच आहे. त्यातील बिघाड शोधण्याची पद्धत शालेय पदार्थविज्ञानातील ओहमच्या नियमापलीकडे फारशी जात नाही. तरीही हा बिघाड गॅरेजमध्ये पुनःपुन्हा चुकीचा ओळखला जातो. भाग बदलला जातो, काही आठवडे काम चालते आणि तोच भाग पुन्हा जळतो. जळालेला भाग हा पुष्कळदा बिघाडाचा बळी असतो, त्याचे कारण दुसरीकडे असते. ते कारण कसे शोधावे याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पंख्याची रचना व कार्य :

१९३८ साली अमेरिकेतील नॅश कंपनीने आपल्या मोटारींत ‘वेदर आय’ नावाची यंत्रणा आणली. बाहेरची ताजी हवा गाळून घेणे, इंजिनातील गरम पाण्यावर ती तापविणे आणि पंख्याने आत ढकलणे अशी ती योजना होती. पुढे १९५४ मध्ये याच कंपनीने तापविणे, थंड करणे व वायुवीजन या तिन्ही गोष्टी एकाच संचात आणल्या. आजच्या बहुतेक मोटारींतील रचना त्याच वळणाची आहे. बाहेरची किंवा आतली हवा पंखा ओढून घेतो. ती प्रथम कूलिंग कॉइलमधून जाते, पुढे एका झडपेच्या स्थितीनुसार हीटर कॉइलवरून किंवा तिला वळसा घालून जाते आणि शेवटी चेहरा, पाय किंवा काच यांच्याकडे सोडली जाते.

पंख्याचे चाक पिंजऱ्याच्या आकाराचे असून त्याला परिघावर अनेक अरुंद पाकळ्या असतात. डेझर्ट कूलरमध्ये पाणी चढविणारा पंप आणि हवा ढकलणारा पंखा ही दोन वेगळी यंत्रे असतात, तशी विभागणी येथे नसते. हवेच्या हालचालीचा सगळा भार या एकट्या चाकावर असतो. ते फिरविणारी मोटर एकदिश विद्युतधारेवर चालते. तिच्यात स्थायी चुंबक, आर्मेचर आणि आर्मेचरला धारा पोहोचविणारे दोन कार्बन असतात. बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असतो. पूर्ण वेगात ही मोटर गाडीच्या आकारानुसार साधारण १० ते २० अँपिअर धारा घेते. हेडलाइटच्या एका बल्बची धारा चार-पाच अँपिअर असते, हे लक्षात घेतल्यास या छोट्या पंख्याची भूक किती मोठी आहे ते कळते. त्याच्या वाटेवरील प्रत्येक सांधा हा बिघाडाचे संभाव्य स्थान का असतो, हेही त्यावरून उमगते.

वेगाचे नियंत्रण आणि रेझिस्टरचे जळणे :

हाताने फिरवायच्या चार वेगांच्या स्विचमध्ये वेग कमी करण्याची युक्ती अगदी साधी आहे. मोटरच्या मार्गात एकसरीत रोध घालायचा, म्हणजे दाबाचा काही भाग त्या रोधावर खर्च होतो आणि मोटरच्या वाट्याला उरलेला दाब येतो. पहिल्या वेगाला सर्वांत अधिक रोध, दुसऱ्या व तिसऱ्याला त्याहून कमी आणि चौथ्याला मुळीच नाही. हे रोध एका लहान पट्टीवर बसविलेले असतात. गॅरेजमध्ये त्या पट्टीला रेझिस्टर किंवा नुसते रेझिस्टन्स म्हणतात. तिच्यावर एक थर्मल फ्यूजही असतो. तापमान ठराविक मर्यादेपलीकडे गेले की तो कायमचा तुटतो.

रोधावर खर्च झालेली विद्युतशक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून ही पट्टी मुद्दाम पंख्याच्या हवेच्या झोतात बसविलेली असते. जो पंखा तिच्यामुळे सावकाश फिरतो, तोच तिला थंड ठेवतो. या परस्परावलंबनातच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते सोपे ठेवले आहेत. दाब १३.५ व्होल्ट, पहिल्या वेगाचा रोध २ ओहम आणि निरोगी मोटर त्या वेगाला ४ अँपिअर धारा घेते असे मानू. रोधावर ८ व्होल्ट खर्च होतात आणि उष्णता ३२ वॅट निर्माण होते. हवेचा झोत ती सहज वाहून नेतो. आता मोटरचा बुश कोरडा पडला, धूळ बसली आणि आर्मेचर अडकून राहिले अशी कल्पना करू. फिरणारी मोटर स्वतःचा विरोधी दाब निर्माण करते व त्यामुळे तिची धारा मर्यादित राहते. अडकलेली मोटर असा दाब निर्माण करू शकत नाही, तिच्या वेटोळ्याचा नुसता रोध उरतो. तो अर्धा ओहम धरला तर एकूण रोध अडीच ओहम, धारा ५.४ अँपिअर आणि पट्टीवरील उष्णता जवळजवळ ५८ वॅट होते. उष्णता पावणेदोनपटींहून अधिक वाढली आणि तिला वाहून नेणारी हवा मात्र थांबली. थर्मल फ्यूज तुटणारच. फ्यूजपेटीतील मुख्य फ्यूजला मात्र यातले काहीच कळत नाही, कारण ५.४ अँपिअर ही धारा त्याच्या मर्यादेच्या कितीतरी आत आहे.

गॅरेजवाला रेझिस्टर काढतो, तो जळालेला दिसतो, काही शे रुपयांचा नवा बसवितो. हलवाहलवीत आर्मेचर किंचित सुटलेले असते, पंखा फिरू लागतो, ग्राहक समाधानाने जातो. बुश कोरडाच असतो. महिन्याभरात गाडी परत येते आणि या वेळी नव्या भागाच्या कंपनीला दोष दिला जातो.

येथे मराठवाड्यातील वाचकाच्या मनात एक स्वाभाविक गैरसमज उभा राहण्याचा संभव आहे. कमी दाबाने शेतातला पंप जळतो, हे या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. मग कमी दाबाने ब्लोअरची मोटरही जळत असली पाहिजे, असे वाटणे साहजिक आहे. पण विहिरीवरची मोटर प्रवर्तन जातीची असते. दाब उतरला तरी ती आपला वेग टिकवू पाहते, त्यासाठी अधिक धारा ओढते आणि तापते. ब्लोअरच्या मोटरचा वेग दाबासोबत खाली येतो व धाराही कमी होते. म्हणजे कमी दाब तिला घातक नाही, यांत्रिक अडथळा घातक आहे. नावाने दोन्ही मोटरच असल्या तरी एकीचा अनुभव दुसरीला लावता येत नाही.

लक्षणांचा अर्थ :

पंखा फक्त शेवटच्या वेगाला चालतो व इतर सर्व वेगांना बंद असतो, तेव्हा रेझिस्टरवरील थर्मल फ्यूज तुटला असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. शेवटचा वेग रेझिस्टरला वगळून जातो आणि तो चालतो, यावरून मुख्य फ्यूज, मोटर व कार्बन निदान धारा वाहून नेण्याइतके शाबूत आहेत हे आपोआप सिद्ध होते. याउलट खालचे वेग चालतात पण शेवटचा चालत नाही, अशा वेळी स्विचमधील त्या वेगाचा संपर्क किंवा, जेथे असेल तेथे, मोठ्या वेगाचा स्वतंत्र रिले संशयास्पद ठरतो. एखादाच मधला वेग नसेल तर स्विच किंवा पट्टीवरील त्या वेगापुरता दोष पाहावा.

कोणताच वेग नसेल तर काम थोडे लांबते. फ्यूज, रिले, स्विच, मोटर आणि अर्थ यांपैकी काहीही असू शकते. यात एक जुनी, कमीपणाची न मानण्यासारखी चाचणी आहे. स्विच चालू ठेवून मोटरच्या कवचावर पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकावे. पंखा एकदम सुरू झाला तर कार्बन झिजून संपत आले आहेत किंवा अडकत आहेत, असे समजावे. ही दुरुस्ती नव्हे, निदान आहे. ठोकून चालू झालेला पंखा घेऊन उदगीर किंवा देगलूरला निघणे शहाणपणाचे नाही.

आवाजाचाही अर्थ लावता येतो. चुंईचुंई आवाज सकाळी थंड गाडीत येतो व काही वेळाने थांबतो, तेव्हा बुश कोरडा असतो. टकटक आवाज वेगाबरोबर वाढतो, तेव्हा चाकात पान किंवा कागद अडकलेला असतो. संपूर्ण डॅशबोर्ड थरथरत असेल तर चाकाची पाकळी मोडून तोल गेलेला असतो. जळका वास आल्यास मात्र पुढचे काहीही तपासण्यापूर्वी पंखा बंद करावा.

मापन : भार असताना व नसताना

या विषयातील सर्वांत मोठी चूक मापनाची आहे, आणि ती पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाकडूनही होते. मोटरचा कप्लर काढला, मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, सबब वायरिंग ठीक आहे आणि मोटर खराब आहे, असा निष्कर्ष काढला जातो. तो टिकत नाही.

डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून नगण्य धारा वाहते. मार्गात गंजलेला सांधा असला, त्याचा रोध १०० ओहम असला, तरी इतक्या सूक्ष्म धारेला तो जाणवतच नाही आणि मीटर पूर्ण दाब दाखवितो. प्रत्यक्ष मोटर जोडली की त्या सांध्यावरच जवळजवळ सगळा दाब खर्च होतो. म्हणून मापन कप्लर जोडलेला ठेवून, स्विच पूर्ण वेगावर ठेवून, मागच्या बाजूने टोके लावूनच करावे. एवढे जमत नसेल तर हेडलाइटचा बल्ब दोन वायरींवर लावून पाहावा. गावोगावचे इलेक्ट्रिशियन पूर्वीपासून हेच करीत आले आहेत. मीटर आला म्हणून बल्ब अडगळीत टाकण्याचे कारण नव्हते.

सांध्याचा अगदी अल्प रोधही काय करतो ते पाहावे. १५ अँपिअर धारा वाहत असताना ०.१ ओहम रोधाचा सांधा १.५ व्होल्ट खातो आणि तेथे २२.५ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास जाणारी ही उष्णता नखाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या कप्लरमध्ये साठते. कप्लर पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग वितळतो. वितळलेल्या जुन्या कप्लरला नवा रेझिस्टर जोडणे म्हणजे तोच बिघाड पुन्हा पेरणे होय. पकड सैल झालेली पिन बदलल्याशिवाय ते काम पुरे होत नाही.

अर्थची तपासणीही याच न्यायाने करावी. मीटरचे एक टोक मोटरच्या अर्थच्या बाजूला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावून पंखा पूर्ण वेगात चालवावा. मीटरवर दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसला, तर तेवढा दाब अर्थच्या मार्गात वाया जात आहे. डॅशबोर्डखालील बॉडी अर्थचा स्क्रू काढून, रंग व गंज खरवडून पुन्हा घट्ट बसविणे एवढ्यावर हे काम अनेकदा भागते.

आणखी एक सापळा आहे. बऱ्याच जपानी वळणाच्या गाड्यांत मोटरला धन दाब थेट मिळतो आणि रेझिस्टर व स्विच मोटरनंतर, म्हणजे अर्थच्या बाजूला असतात. अशा गाडीत पंखा बंद असताना मोटरच्या दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट दिसतात. अननुभवी माणूस गोंधळतो, किंवा दाब येत आहे तरी मोटर फिरत नाही असे म्हणून मोटर बदलायला सांगतो. खरा अर्थ नेमका उलट आहे. मोटरच्या पलीकडच्या वायरीपर्यंत दाब पोहोचला, याचाच अर्थ वेटोळे आणि कार्बन अखंड आहेत. मार्ग त्याच्या पुढे, रेझिस्टर, स्विच किंवा अर्थ येथे कोठेतरी तुटलेला आहे. एका वायरीवर १२ व्होल्ट, दुसरीवर शून्य आणि तरीही मोटर स्तब्ध, असे आढळले तरच मोटरला दोषी धरावे.

धारा मोजताना साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते हे विसरू नये. पूर्ण वेगाला ती ओलांडली जाऊन मीटरचाच फ्यूज जातो. क्लॅम्प मीटर सोयीचा, पण घरच्या वायरिंगसाठी मिळणारे स्वस्त क्लॅम्प मीटर केवळ प्रत्यावर्ती धारा मोजतात. मोटारीवर लावले तर ते शून्य दाखवितात. एकदिश धारा मोजणारा क्लॅम्प मीटर वेगळा मागून घ्यावा लागतो.

स्थानिक कारणे :

बिघाडाचे विज्ञान सर्वत्र एक असले तरी त्याची कारणे त्या त्या मुलखाची असतात. नांदेड-लातूरची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्याकडेच्या मळणी यंत्रांतून उडणारा भुसा लांबवर हवेत तरंगतो. बाहेरची हवा घेण्याची झडप उघडी असली, तर हे सर्व ब्लोअरच्या वाटेने आत येते. केबिन फिल्टर असेल तर तो ते अडवितो आणि तुंबतो. अनेक जुन्या, स्वस्त गाड्यांत असा फिल्टर मूळ रचनेतच नसे. तेथे धूळ थेट चाकाच्या पाकळ्यांवर आणि ओल्या कूलिंग कॉइलवर बसून तिचा चिखल होतो. शोरूमच्या पुस्तिकेत फिल्टरची जी मुदत दिलेली असते, ती या रस्त्यांवर पाळत बसणे चुकीचे आहे. मळणीचा हंगाम संपल्यावर एकदा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा तो काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो व अवजारांशिवाय निघतो.

तुंबलेल्या फिल्टरमुळे मोटरवर ताण येतो, असे सर्वत्र सांगितले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. या प्रकारच्या चाकाला हवा कमी मिळाली की त्याचे काम कमी होते व धाराही थोडी उतरते. हानी दुसऱ्या मार्गाने होते. झोत कमी झाल्याने रेझिस्टर तापतो, आणि कित्येक मोटरींना थंड ठेवण्यासाठी याच झोतातील थोडी हवा वळविलेली असते, तीही आटते.

दुसरे कारण सावलीचे. उन्हापासून वाचविण्यासाठी गाडी लिंबाच्या झाडाखाली लावण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु लिंबाची बारीक पाने काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून खाली उतरतात. तेथील पाणी वाहून जाण्याची भोके त्यांनी बुजतात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की साचलेले पाणी हवेच्या वाटेने थेट मोटरवर येते. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात बंद पडलेल्या ब्लोअरचा तपास म्हणूनच बॉनेट उघडून या जाळीपासून सुरू करावा. महिनाभर न हललेल्या गाडीत उंदीर किंवा खार याच वाटेने शिरून कापूस, चिंध्या, शेंगांची टरफले यांचे घरटे करते. सुट्टीनंतर पहिल्यांदा पंखा लावताच कोंदट वास आणि खडखड आली, तर स्विच तत्काळ बंद करावा.

पंखा निर्दोष, तरीही हवा नाही :

पंख्याचा आवाज पूर्ण येतो, पण झोत येत नाही, अशी तक्रार वेगळ्या वर्गात मोडते. निघताना हवा चांगली, अहमदपूरपर्यंत येता येता ती मंदावली, एसी पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवला आणि हवा परत आली, असा क्रम असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमत आहे. कॉइलचे तापमान पाहणारा संवेदक, कमी झालेला गॅस किंवा घाणीने माखलेली कॉइल तपासावी. मोटर बदलून यात काही साधत नाही.

हवा जोरात येते पण थंड नसते, तेव्हा लगेच गॅस भरला जातो. वास्तविक अनेक गाड्यांत हीटर कॉइलमधून गरम पाणी बारा महिने वाहत असते व तिच्यापुढची झडप तेवढी बंद असते. ही झडप अर्धवट उघडी अडकली, तर कूलिंग कॉइलने थंड केलेली हवा पुढच्याच पावलाला तापविली जाते. ज्या हीटरची या जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीतील थोड्या पहाटा सोडल्या तर कोणाला आठवणही होत नाही, तो असा भर उन्हाळ्यात आडवा येतो. त्याचा एक उपयोग मात्र जरूर ध्यानात ठेवावा. घाट चढताना इंजिनाचा काटा तांबड्याकडे सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर व ब्लोअर पूर्ण जोरात लावावेत. इंजिनातील उष्णता काही प्रमाणात आत ओढली जाते. घामाघूम होऊन का होईना, गाडी सुरक्षित जागी उभी करण्याइतका अवकाश मिळतो. ब्लोअर बंद असेल तर ही सोयही उरत नाही.

पावसाळ्यातील काचेचे गणितही येथेच सांगणे योग्य होईल. प्रवाशांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमते. एसी हवेतील बाष्प कूलिंग कॉइलवर काढून घेतो, पंखा ती कोरडी हवा काचेवर सोडतो. अशा वेळी आतलीच हवा फिरविणारे बटण बंद असावे. पंखा नसल्यास काचा थोड्या खाली घेणे व फडक्याने पुसत राहणे एवढेच हाती उरते. गळीत हंगामात पहाटेच्या धुक्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली ज्याने अचानक समोर पाहिली आहे, त्याला हा उपाय किती अपुरा आहे ते सांगायला नको.

घातक दुरुस्त्या :

फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज बसविणे किंवा त्याच्या जागी तांब्याची तार वळून घालणे, हा प्रकार आजही आढळतो. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १५ अँपिअरचा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. पिवळ्याच्या जागी हिरवा दिसला की मागे कोणीतरी कारण न शोधता वाट मोकळी करून दिली आहे, असे खुशाल समजावे. फ्यूज हा वायरीच्या जाडीसाठी असतो. तो वाढविला आणि वायर तीच राहिली, तर पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी वायर तापते. ती वायर डॅशबोर्डच्या आत, कापड व फोमच्या सान्निध्यात असते.

रेझिस्टर काढून टाकून मोटर थेट जोडून देणे हा दुसरा प्रकार. पंखा पूर्ण वेगाने चालतो, म्हणून ग्राहकाची तक्रार नसते. मात्र अशा जोडणीत पुष्कळदा फ्यूजही वगळला जातो आणि किल्ली काढल्यावरही पंखा जिवंत राहतो.

डॅशबोर्डखाली हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडून काही मिनिटे थांबावे. जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आहे. तिच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात असतात. त्यांना मीटर किंवा बल्ब लावून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

नव्या गाड्यांतील बदल :

आपोआप तापमान राखणाऱ्या यंत्रणेत रोधांची पट्टी नसते. तेथे ट्रान्झिस्टरवर आधारलेला नियंत्रक मोटरची धारा कमी-अधिक करतो. हा भाग रेझिस्टरपेक्षा महाग असतो. पंखा किल्ली काढूनही चालू राहणे, किंवा एकाच वेगात अडकणे, ही त्याच्या बिघाडाची ओळख आहे. यालाही हवेच्या झोतातच बसविलेले असते आणि घट्ट झालेली मोटर यालाही तशीच मारते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनातील गरम पाणी नसल्याने उष्णतेची सोय निराळी असते, पण हवा ढकलायला पंखा लागतोच.

बदलल्यानंतरची तपासणी :

मोटर हाताशी आल्यावर चाक बोटाने फिरवून पाहावे. निरोगी चाक सोडल्यावरही थोडे फिरत राहते, कोरड्या बुशाचे लगेच थांबते. जुन्या मोटरला तेलाचा थेंब सोडून काम भागविण्याची पद्धत आहे. तेलाने काही दिवस आवाज थांबतो, परंतु तेल धूळ धरते आणि कार्बनपर्यंत पोहोचले तर संपर्क बिघडवते. काही शहरांत जुने कारागीर बुश व कार्बन बदलून देतात. ते काम नीट झाले तर नव्या, हलक्या प्रतीच्या मोटरपेक्षा टिकाऊ ठरते.

नवी मोटर बसविल्यावर इंजिन चालू ठेवून चारही वेगांना ती किती धारा घेते ते मोजावे आणि आकडे, तारीख व गाडीचे किलोमीटर एका कागदावर लिहून तो फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आत चिकटवावा. पुढच्या फेब्रुवारीत फिल्टर काढला जाईल त्या दिवशी तेच मापन पुन्हा करावे. पहिल्या वेगाची धारा पूर्वीच्या आकड्यापेक्षा ठळकपणे वाढलेली दिसली, तर बुश घट्ट होऊ लागला आहे आणि रेझिस्टर अजून जळायचा आहे.